केळीच्या कागदावरची हळद

समईला टेकवून ठेवलेल्या लग्नपत्रिकेवरून नवरीचं नाव माझ्या डोळ्यांदेखत ओघळलं. वरच्या कोपऱ्याला लावलेल्या हळदीचा एक पातळ थेंब सुटला, कागदावरून खाली आला आणि 'मंजुळा' या अक्षरांवरून जाताना अक्षरंही बरोबर घेऊन गेला. छपाई मरून रंगाची होती. पाण्यात मिसळल्यावर ती लाल दिसायला लागली. समईखालच्या पितळी ताटात लालसर डाग पडला.

ती खोली तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली, अनसूया टीचरांची. त्यांनी मला दुसरीत शिकवलं होतं, म्हणून मी मोठी होऊन नोकरीला लागले तरी त्या माझ्या टीचरच. त्यांचे यजमान लवकर गेले. मंजुळा एकुलती एक. तिची आधीची दोन स्थळं ग्रह जुळत नाहीत म्हणून परत गेली होती. हे तिसरं जमलं होतं. मुलगा मद्रासला कंप्युटर कंपनीत, घरचे लोक ओरत्तनाडूकडचे, आमच्यासारखेच मराठी, पण शेतीभाती असलेले. त्या संध्याकाळी मुलाचे मामा गोविंदराव घरच्या बायकांना घेऊन आपल्या वाट्याच्या पत्रिका न्यायला आले होते. तमिळ मुलखात लग्नात मामाचा मान मोठा असतो, आणि तिथे राहून आम्हीही ते उचललं आहे. मामा नको म्हणाले की बाकीचे हो म्हणत नाहीत.

गोविंदरावांनी पत्रिकेकडे पाहिलं. मग ते उठले.

"पहिल्या पत्रिकेवरलं नांवच गेलं," ते म्हणाले. "टीचर, आतां आम्हांस घरीं विचारलं पाहिजे."

घरी विचारणं म्हणजे नकार, हे आमच्या गल्लीत लहान मुलालाही कळतं. मंजुळा आत गेली, ओलं फडकं घेऊन बाहेर आली आणि ताट पुसायला बसली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, कारण ती पत्रिका मी केली होती.

आता पत्रिका 'केली' म्हणजे काय ते सांगायला हवं.

मी एका छापखान्यात डीटीपी ऑपरेटर होते. डीटीपी म्हणजे डेस्कटॉप पब्लिशिंग. पूर्वी शिशाचे खिळे एकेक जुळवून मजकूर तयार करत, तेच काम कंप्युटरच्या पडद्यावर करायचं. नव्वदीच्या दशकात हे दुकानादुकानांत आलं. आमचे मालक तमिळ, षण्मुगम नावाचे. त्यांना सगळे मुदलाळी म्हणत. मुदलाळी म्हणजे मालकच, पण त्या शब्दात थोडं प्रेमही असतं. त्यांच्याकडे ट्रेडल मशीन होतं, पायानं चालवायचं. त्याच्या शेजारी त्यांनी एक कंप्युटर आणि एक लेझर प्रिंटर आणून ठेवला. मी तमिळ शाळेत शिकले, घरी मराठी बोलले, आणि देवनागरी लिपी पहिल्यांदा नीट शिकले ती त्या कंप्युटरच्या फाँटवर. आज मी हे लिहिते आहे ते त्या नोकरीच्या कृपेनं.

शिवकाशीहून आमच्याकडे नक्षीचे कागद येत. चार रंगांत आधीच छापून आलेले: वर गणपती, कडेनं आंब्याची पानं, एखाद्यावर मोर, आणि मधली जागा कोरी. त्या कोऱ्या जागेत नाव-गाव-मुहूर्त घालायचा की पत्रिका तयार. गिऱ्हाइकाला चार रंगांची पत्रिका मिळते आणि आपल्याला एकाच रंगाची छपाई करावी लागते.

हे वाटतं तितकं सोपं नाही. प्रत्येक नक्षीत कोरी जागा वेगळी. कुठे लांबट, कुठे गोल, कुठे मोराची शेपटी मध्येच घुसलेली. म्हणून मी प्रत्येक कागदासाठी एक टेम्प्लेट करून ठेवलं होतं. टेम्प्लेट म्हणजे साचा. पट्टीनं कागद मोजायचा, तेवढीच चौकट पडद्यावर आखायची, त्यात मजकुराच्या जागा ठरवून ठेवायच्या. गिऱ्हाईक आलं की साचा उघडायचा आणि नावं बदलायची. आधी साध्या कागदावर छापायचं, तो कागद नक्षीच्या कागदावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावायचे. उजेडात दिसतं, कुठलं अक्षर आंब्याच्या पानावर चढलंय ते. मग ओळ थोडी सरकवायची. एकेका साच्यासाठी माझ्या अशा बऱ्याच दुपारी खिडकीत गेल्या आहेत.

सगळ्यांत खपणारा कागद केळीचा. दोन्ही बाजूंना घडासकट केळीची झाडं, जशी लग्नाच्या दारात बांधतात तशी, आणि मध्ये प्रशस्त जागा. मंजुळेची पत्रिका त्यावरच होती. वर दोन ओळी मराठी, खाली सगळं तमिळ. त्या दोन मराठी ओळी वाचणारं घराणं शोधावं लागलं असतं, पण टीचरांना त्या हव्या होत्या.

अडचण होती रंगाची. लेझर प्रिंटर फक्त काळं छापायचा. आमच्याकडे काळ्या अक्षरांचं कार्ड दारात आलं की लोक आधी कोण गेलं ते विचारतात, मग वाचतात. लग्नपत्रिकेत काळी शाई म्हणजे ब्रह्महत्येच्या खालोखाल. म्हणून साचा कंप्युटरवर आणि छपाई मात्र स्क्रीनवर, असं आम्ही करत होतो. स्क्रीन म्हणजे ताणून बसवलेलं जाळीदार कापड. लेझरवर पारदर्शक कागदावर मजकूर काढायचा, त्यावरून जाळीवर अक्षरं उठवायची आणि जाळीतून तेलाची शाई दाबायची. काम पक्कं, पण वेळखाऊ. शाई वाळायला पत्रिका दोऱ्यांवर पसरून ठेवाव्या लागत.

मुदलाळींना घाई होती. सकाळी कागद पसंत करा, संध्याकाळी पत्रिका न्या, असा बोर्ड त्यांना लावायचा होता. त्यांनी मद्रासहून रंगीत इंकजेट प्रिंटर आणला. इंकजेट म्हणजे शाईचे बारीक फवारे मारणारं यंत्र. मरून म्हणा, हिरवा म्हणा, हवा तो रंग. मंजुळेचा नवरामुलगा थोड्या दिवसांच्या रजेवर होता, लग्न घाईत ठरलं होतं, म्हणून या नव्या यंत्रावरचं पहिलं मोठं काम तिचंच झालं.

आता मुदलाळींचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. शकुनावर इतका विश्वास असलेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. राहुकाळात ते प्रिंटरचं बटण दाबू द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं तरी मी हात बांधून बसायची. कंप्युटर आला त्या दिवशी त्यांनी त्याला चंदनाचा टिळा लावला, आणि कापूर ओवाळताना तो पेटता कीबोर्डवर पडता पडता राहिला. स्कूटरला नवं टायर घातलं तरी चाकाखाली लिंबू. कोणी शिंकलं की पाणी पिऊन परत सुरुवात. मी मनातल्या मनात हसायची. कधी कधी तोंडावरही हसायची आणि ते तमिळमधलं लाडाचं 'मा' लावून म्हणायचे, "हस मा, हस. तुझं चांगलं होवो."

नव्या यंत्राची पत्रिका आम्ही तपासली नव्हती असं नाही. बोट घासून पाहिलं, रुमाल घासून पाहिला, ऊन दाखवलं. शाई हाताला लागत नव्हती. पण शिवकाशीचा तो कागद गुळगुळीत. त्यात शाई मुरत नाही, वर बसते. ती वाळली होती, पक्की झाली नव्हती. आणि हळद घरी लावतात, दुकानात नाही. चारी कोपऱ्यांना हळद लावल्याशिवाय आमच्याकडे पत्रिका कोणाच्या हातात देत नाहीत, हे आम्हां दोघांनाही जन्मापासून माहीत. तरी दुकानातून बाहेर पडलेला कागद पुढे ओला होणार आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तर मी टीचरांच्या घरात उभी होते. गोविंदराव आणि त्यांच्याबरोबरच्या बायका बसच्या वेळेची भाषा बोलायला लागल्या होत्या. मी टीचरांच्या कानात सांगितलं की काहीही करून यांना कॉफीला थांबवा. आणि मोपेड काढून छापखान्यात आले.

मुदलाळी हिशेब आवरत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, शकुनाचा विषय म्हटल्यावर त्यांची पाचावर धारण बसेल. नाहीतर काखा वर करतील. तेही करता आलं असतं. आम्ही कोरडी पत्रिका दिली, तुम्ही ती भिजवलीत, असं सांगणारे छापखानेवाले मी नंतर पुष्कळ पाहिले.

त्यांनी एवढंच विचारलं, हळद किती पातळ होती. मी म्हटलं, खूप पत्रिकांना लावायची म्हणून टीचरांनी पातळच कालवली होती. त्यांनी देवाच्या फळीवरची हळद घेतली, पेल्यातलं पाणी घातलं आणि उरलेल्या एका पत्रिकेच्या कोपऱ्याला लावून ती उभी धरली. थेंब खाली आला. नाव गेलं. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला.

मग म्हणाले, "केळीचा साचा उघड."

मी उघडला. त्यांनी मला नवऱ्यामुलाची जागा कोरी ठेवायला सांगितली. "नवरीच्या जागी टाइप कर. सेल्वी. षण्मुगमची मुलगी."

सेल्वी त्यांची थोरली. तिच्यासाठी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. तिची कुंडली मुदलाळींच्या शर्टाच्या खिशात कायम असायची. त्यांच्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आलं आणि माझी बोटं कीबोर्डवर थांबली. मी म्हटलं, मुदलाळी, माझं नाव घालू या. माझं लग्न झालंय, मला काय होणार आहे. त्यावर ते म्हणाले, तुझं नाव घातलं तर त्यांना काय पटणार, तू कामाला असलेली मुलगी. मी म्हटलं, मग तुमचं घाला.

"माझ्या नावाचं कोणाला काय पडलंय?" ते म्हणाले. "त्यांनी मुलीच्या नावावर बोट ठेवलंय. मुलीचंच नाव लागेल. टाइप कर मा."

मी टाइप केलं आणि त्याच इंकजेटवर एक पत्रिका काढली. तेव्हा राहुकाळ होता की नव्हता ते मला आठवत नाही, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही हे पक्कं आठवतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हा माणूस समजून-उमजून करायला निघाला होता.

आम्ही पोचलो तेव्हा गोविंदरावांच्या हातातली कॉफी संपली होती आणि चपला पायात होत्या. मुदलाळींनी वाकून नमस्कार केला, मी पत्रिका छापणारा, असं सांगितलं आणि हळदीची वाटी मागितली. कोणाला काही कळेना. मंजुळेनं वाटी आणून दिली. त्यांनी नवी पत्रिका सगळ्यांना दाखवली, तमिळमध्ये नाव मोठ्यानं वाचलं, आणि ही माझी मुलगी, हिला स्थळं बघतोय, हेही सांगितलं. मग चारी कोपऱ्यांना हळद लावली, अगदी रीतीप्रमाणे, आणि पत्रिका समईला टेकवली.

थेंब सुटला. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो सेल्वीच्या नावावर आला आणि नाव लाल होऊन ताटात उतरलं.

टीचरांच्या तोंडून "अय्यो, कां हो केलंत," एवढंच बाहेर पडलं.

मुदलाळी गोविंदरावांकडे वळले. आवाज चढवला नाही.

"माझी मुलगी आत्ता घरी डोशाचं पीठ वाटते आहे," ते म्हणाले. "नाव गेलं, ती कुठे गेली नाही. दोष यंत्राचा आहे. यंत्र मी विकत आणलं, म्हणून दोष माझा. शकुन बघायचाच असेल तर तो माझ्या दुकानाचा बघा. या पोरीला त्यात ओढू नका."

मी अनेक मोठे लोक जवळून पाहिले आहेत. पुढे कलेक्टरच्या ऑफिसची कामं केली, कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांची केली. पण त्या वेळी, हळदीनं पिवळी झालेली बोटं पुढे धरून उभ्या राहिलेल्या माझ्या मालकाइतका मोठा माणूस मला पुन्हा दिसला नाही. मला रडू येत होतं आणि अभिमानही वाटत होता.

गोविंदरावांनी चपला काढल्या. समईजवळ गेले, ती पत्रिका उचलली, खांद्यावरच्या अंगवस्त्रानं पुसली. पांढऱ्याशुभ्र अंगवस्त्राला लाल-पिवळा डाग पडला. त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"दुसऱ्या छापून द्या," ते मुदलाळींना तमिळमध्ये म्हणाले. "आणि तुमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आम्हाला पाठवायची. विसरायचं नाही."

मग ते टीचरांकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "घरीं कांहीं विचारायचं नाहीं. मुहूर्त तोच."

मंजुळेनं मुदलाळींना हात धुवायला पाणी दिलं आणि पुसायला टॉवेल दिला. तेवढ्यात तिनं पहिल्यांदाच मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मी तिला खुणेनं म्हटलं, झालं सगळं नीट.

बाहेर आल्यावर मुदलाळींना स्कूटर सुरू करता येईना. किक मारायचे आणि पाय घसरायचा. मी म्हटलं, मुदलाळी, थोडं बसा. ते पायरीवर बसले आणि विचारायला लागले, मुलीला काही होणार नाही ना? ज्या माणसानं आत्ता सगळ्यांना गप्प केलं होतं, तो मला विचारत होता, आणि मी तर त्याच्या लिंबांना हसणारी. मी म्हटलं, काही होणार नाही. ते म्हणाले, तरी मी देवळात जाऊन येतो. आणि गेले. नंतर कळलं, घरी बायकोला सांगितल्यावर तिनं दोन दिवस अबोला धरला आणि सेल्वीची इतक्या वेळा दृष्ट काढली की पोरगी मिरच्यांच्या धुरानं खोकून हैराण झाली. त्या दिवसापासून मी त्यांच्या लिंबांना हसायचं सोडलं. विश्वास बसला म्हणून नाही. भीती काय असते आणि ती असूनही माणूस काय करतो, ते बघितलं म्हणून.

पत्रिका आम्ही पुन्हा केल्या. साचा तोच, केळीचा कागद तोच, फक्त छपाई स्क्रीनवर, तेलाच्या शाईत. छापखान्यात दोऱ्याच दोऱ्या बांधल्या आणि पत्रिका वाळत घातल्या. पहिली वाळली तशी मुदलाळींनी तिच्यावर हळदीचं पाणी चक्क ओतलं. केळीला काही झालं नाही, अक्षरांना काही झालं नाही. 'मंजुळा' पिवळ्या पाण्यात ठसठशीत राहिलं. मंजुळेचं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. इंकजेट आम्ही विकला नाही. त्यावर शाळांची प्रशस्तिपत्रं छापली. प्रशस्तिपत्राला कोणी हळद लावत नाही.

दुधानं तोंड पोळलेले आम्ही, तेव्हापासून ताक फुंकून पीत होतो. माझ्या कीबोर्डशेजारी हळदीच्या पाण्याची वाटी कायमची आली. प्रत्येक नव्या कागदाचा, प्रत्येक नव्या शाईचा नमुना आधी त्यात बुडायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, ही पूजेची वाटी. कोणी कोणी तिला नमस्कारही करायचे. आम्ही कोणाला खरं सांगितलं नाही.

सेल्वीचं लग्न ठरायला फार वेळ लागला नाही. पत्रिका आमच्याच छापखान्यात झाली. कागद कोणता घ्यायचा यावर मुदलाळींच्या घरात भांडण झालं. बायकोला केळीचा कागद डोळ्यांसमोर नको होता. सेल्वी म्हणाली, केळीचाच. मी साचा उघडला, नवरीच्या जागी पुन्हा तेच नाव टाइप केलं, आणि या वेळी नवऱ्याची जागाही भरली. एक पत्रिका आठवणीनं ओरत्तनाडूला गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मांडवाच्या दारात एक बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीत घडासकट दोन केळीची झाडं, मुळापासून काढलेली, आमच्या कागदावरच्यापेक्षा चांगली मोठी. गाडीमागून गोविंदराव मामा चालत आले. खांद्यावर अंगवस्त्र होतं आणि त्याच्या टोकाला एक फिकट डाग होता. दोन्ही झाडं त्यांनी स्वतः उभं राहून दाराला बांधून घेतली आणि मुदलाळींना म्हणाले, "ही भिजली तरी चालतात."

नव्या ऑपरेटरांना मी एवढंच शिकवत आले आहे: गिऱ्हाईक कागद घरी नेऊन त्याचं काय करणार आहे ते आधी विचारा, आणि तेच दुकानात करून बघा.